काटा नसलेलं नाणं

डिचोली ते म्हापसा, दिवसाला सहा फेऱ्या.
रात्रीपर्यंत माझ्या चामडी पिशवीत
अडीच-तीन किलो चिल्लर साठते.
मालक मोजत नाही, मी मोजतो,
आणि मोजताना डोळ्यांच्या आधी
बोटांना कळतं.

एक रुपया, काठाला उंदीर लागल्यासारखा
अर्धचंद्र खाल्लेला.
एक दोनचं, दोनदा ठोकलेलं,
सालाचे आकडे एकमेकांच्या अंगावर पडून
भांडत बसलेले.
दहाचं एक, उलट्या अंड्यासारखं:
बाहेर पिवळं, आत पांढरं,
आणि ते पांढरंही एका अंगाला सरकलेलं.

असं काही हाताला लागलं
की माझ्या खिशातलं धडधाकट नाणं पिशवीत टाकतो.
हिशोब तो हिशोब.
वाकडं राहतं शर्टाच्या वरच्या खिशात.
आग्नेल ड्रायव्हर हसतो, सगुणा,
लोक खोटं खपवतात,
तू पदरचं घालून विकत घेतोस!

म्हापशाचा बार्रेटो घड्याळवाला
डोळ्यात भिंग घालून तपासतो.
अर्धचंद्राचे त्यानं दीडशे दिले.
म्हणाला, चूक खरी पाहिजे बाबा.
हल्ली कानशीनं घासून
चुकासुद्धा खोट्या करतात.

शुक्रवारी अस्नोड्याला शेवंताबाय चढली,
मिरच्यांची टोपली पायाशी.
कनवटीचं नाणं काढून म्हणाली,
"हें चलना रे, बदलून दी.
दोन महिने माझ्याकडेच परत येतंय."
सिंह नीट होते. अक्षरं नीट.
उलटं केलं,
मागे काहीच नव्हतं.
पाटी पुसून ठेवावी तसं.
पाच कुठेच लिहिलेले नव्हते,
जाडी बघून, रंग बघून
तिचं तिनंच ठरवलेलं.
मी पाच दिले.

बाबा तीस वर्षं खाणीच्या काट्यावर.
ट्रक चढायचा, आकडा थरथरून थांबायचा,
बाबा लिहायचे:
भरलेला, रिकामा, मधली वजाबाकी.
खाण बंद झाली. काटा तिथंच आहे,
दुपारी त्यावर गुरं बसतात, म्हणतात.
बाबा अजून काहीही हातात घेतलं
की आधी तोलतात. नारळ. औषधाची बाटली.
माझी पिशवी घेऊन दारातच सांगतात,
"आज दोन-सातशे. पाव्हणे कमी होते?"

मी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.
बघा, म्हटलं, छापा आहे, काटा नाही.
बोलून गेल्यावर
मलाच ऐकू आलं.

ते काही बोलले नाहीत.
कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवत
जेवण निवेपर्यंत बसले.
सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून
म्हाळू चारीच्या दुकानात,
सोनं जोखायच्या तराजूसमोर.
पाच पूर्णांक नव्याण्णव.
"पूस आणि परत ठेव," बाबा म्हणाले,
काच लावून घे, पंखा बंद कर.
सहा.
पुरे सहा ग्रॅम.

म्हाळूच्याच पावतीच्या मागे त्यांनी
तिरक्या अक्षरात तारीख घातली, वेळ घातली.
भरलेला: सहा.
रिकामा: इथं पेन थांबलं,
मग एक आडवी रेघ.
खाली सही, पूर्ण नावाची,
जशी मी दहावीच्या प्रगतिपुस्तकानंतर
पाहिली नव्हती.

बार्रेटोला अजून दाखवलेलं नाही.
दाखवलं तर हजारांत बोलेल.
नाणं त्या पावतीतच गुंडाळून
कपाटात आहे. बाबा मधेच उठून
पुडी हातात तोलून परत ठेवतात.

काल शेवंताबाय पुन्हा चढली.
"चललें मरे तें?"
हजारांतलं काही मला सांगता आलं नाही.
सुटे देताना पाचाचं एक तिच्या हातावर ठेवलं.
तिनं ते उलटं केलं,
सुलटं केलं,
मुळगावच्या चढावर गाडी कण्हत होती,
तिनं परत एकदा उलटं केलं.